रेडिटच्या ‘बंद’मागचा जुना हिशेब

१२ जून २०२३ रोजी रेडिट या चर्चांच्या अमेरिकी संकेतस्थळावरचे ८,०००हून अधिक समूह, म्हणजे तिथल्या भाषेत सबरेडिट, एकदम बंद झाले. कुलूप कंपनीने लावलं नव्हतं. ते लावलं होतं त्या समूहांची राखण करणाऱ्या मॉडरेटरांनी, आणि त्यांना कंपनीकडून एक पैसाही पगार मिळत नव्हता. निमित्त एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपला रेडिटवरचा मजकूर घ्यायच्या वाटेच्या, नव्या दरांचं होतं. भांडणाचं मूळ मात्र रेडिटच्या जन्माआधीचं आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या एओएलने चॅटरूम आणि चर्चाफलकांवर लक्ष ठेवायला हजारो स्वयंसेवक नेमले होते. मोबदला म्हणून त्यांना फुकट जोडणी मिळायची. तेव्हा तो मोबदला खराच होता, कारण बाकीच्यांना तासावर पैसे मोजावे लागत: महिना ९.९५ डॉलरमध्ये पाच तास आणि पुढे दर तासाला २.९५ डॉलर. रोज रात्री ऑनलाइन बसणाऱ्याचं बिल शेकड्यात जायचं. डिसेंबर १९९६मध्ये एओएलने १९.९५ डॉलरमध्ये महिनाभर हवं तेवढं इंटरनेट द्यायला सुरुवात केली आणि स्वयंसेवकांची ‘कमाई’ एका फटक्यात वीस डॉलरवर आली. काम मात्र तेवढंच राहिलं. ठरलेल्या पाळ्या, प्रशिक्षण, कामाचे अहवाल, सगळं नोकरीसारखं.

१९९९मध्ये दोन माजी स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कमध्ये दावा ठोकला. आम्हाला कामगारांसारखं राबवलं, तर किमान वेतनही द्या, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण दशकभर रेंगाळलं. दरम्यान २००५मध्ये एओएलने स्वयंसेवकांची योजनाच गुंडाळली आणि अखेर दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे स्वयंसेवक कायद्याने कामगार ठरतो का, या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. माझ्या मते पुढची सगळी भांडणं या अर्धवट राहिलेल्या खटल्याची आहेत.

त्याच २००५ साली रेडिट सुरू झालं. तिथे पाळ्या नाहीत, अहवाल नाहीत, फुकट जोडणीचं आमिषही नाही. कुणीही समूह काढावा, नियम करावेत, शिवीगाळ आणि जाहिरातबाजी निस्तरावी. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, पण चूल आपली. २०२२मध्ये अमेरिकी संशोधकांनी या फुकट कामाची किंमत वर्षाला किमान ३४ लाख डॉलर काढली. रेडिटच्या २०१९च्या महसुलाच्या २.८ टक्के.

चुलीवरचा हा हक्क किती जोरकस आहे, ते पहिल्यांदा जुलै २०१५मध्ये दिसलं. प्रसिद्ध व्यक्तींची प्रश्नोत्तरं जमवून आणणाऱ्या व्हिक्टोरिया टेलर यांना कंपनीने तडकाफडकी काढलं. मॉडरेटरांना कुणी कल्पनाही दिली नव्हती. त्यांनी प्रश्नोत्तरांचा तो समूह बंद केला, मागोमाग शेकडो समूह बंद झाले. काही दिवसांतच मुख्याधिकारी एलेन पाओ पायउतार झाल्या आणि संस्थापक स्टीव्ह हफमन परत आले. पाओ यांच्याविरुद्धच्या रोषात निव्वळ द्वेषही भरपूर होता, हे विसरता येत नाही.

२०२३मध्ये समोर हफमनच होते. एपीआयची वाट तेव्हापर्यंत जवळपास फुकट होती. रेडिटचं स्वतःचं अ‍ॅप २०१६मध्ये आलं. तोवर, आणि त्यानंतरही, अनेक मॉडरेटर बाहेरच्या अ‍ॅपवरूनच काम उरकत. दृष्टिहीन वापरकर्ते तर या अ‍ॅपवरच विसंबून होते. नव्या दराने ‘अपोलो’ या अ‍ॅपचं वर्षाचं बिल सुमारे दोन कोटी डॉलर होत होतं. अ‍ॅप चालवणारा माणूस एक. ३० जूनला अपोलो बंद पडलं. दृष्टिहीनांच्या काही अ‍ॅपना सूट मिळाली, तीही ओरड झाल्यावर.

कंपनीचं लक्ष या अ‍ॅपपलीकडेही होतं. चॅटजीपीटीसारख्या प्रणाली ज्या मजकुरावर शिकतात त्यात रेडिटच्या चर्चा होत्या, आणि त्या फुकट देणं कंपनीला आता मान्य नव्हतं. पुढे गूगलशी झालेला मजकुराचा करार वर्षाला सहा कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या.

आंदोलकांनी ४८ तासांची मुदत आधीच जाहीर केली होती. हे वादळही ओसरेल, असं हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं. दोन दिवसांत संपणाऱ्या संपाला कोण घाबरतं? जे त्यानंतरही अडून बसले त्यांना पदावरून काढण्याचे इशारे गेले. काहींनी समूह उघडले, पण तिथे फक्त जॉन ऑलिव्हर या विनोदवीराचेच फोटो टाकायचे, असा ठराव केला. हफमन यांनी एका मुलाखतीत मॉडरेटरांची तुलना जहागीरदारांशी केली: जो आधी आला तो कायमचा बसला. जहागीरदाराला निदान सारा तरी मिळायचा.

त्याच जूनमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरही संप झाला. यंत्राने लिहिलेली उत्तरं काढण्यावर कंपनीने बंधनं घातली, म्हणून मॉडरेटरांनी ५ जूनपासून काम थांबवलं. तिथे मुदत नव्हती, प्रतिनिधी निवडून रीतसर वाटाघाटी झाल्या आणि ऑगस्टमध्ये समझोता झाला. मागण्या नेमक्या होत्या, आणि कुलपाऐवजी काम थांबलं होतं. साचणारा कचरा कंपनीला स्वतः काढणं अवघड होतं.

मार्च २०२४मध्ये रेडिट न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरलं. काही मॉडरेटरांना ३४ डॉलरच्या मूळ भावाने शेअर घ्यायची संधी मिळाली, अर्थात पदरचे पैसे मोजून. सप्टेंबर अखेरीस नवा नियम आला: सार्वजनिक समूह खासगी करायचा, म्हणजे त्याला कुलूप लावायचं, तर आधी कंपनीकडे अर्ज करायचा. अगदी लहान आणि नव्या समूहांना तेवढी मोकळीक ठेवली आहे.