देवमासा माशांतून बाहेर पडला त्याची गोष्ट

मराठीत देवमासा हा मासा आहे आणि खवले मांजर हे मांजर. दोन्ही नावं चुकीची, पण ज्यांनी ठेवली त्यांना आधी अंगाची ठेवण दिसली. जे चटकन डोळ्यात भरतं त्यावरून गट पाडणं ही माणसाची जुनी रीत. प्राण्यांच्या वर्गीकरणात खरा वाद होत आला तो यातलं कोणतं लक्षण मोलाचं मानायचं, यावर.

आपल्याकडे जन्म कसा होतो याला महत्त्व होतं. जारज (वारेतून जन्मलेले), अंडज (अंड्यातून), स्वेदज (घामातून) आणि उद्भिज (जमीन फोडून येणारे) या चार खाणी संतवाङ्मयातून घरोघरी पोचल्या. जैन परंपरेतल्या तत्त्वार्थसूत्राने इंद्रियं मोजली: कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. मला ही मांडणी विलक्षण वाटते, कारण तिच्यात त्या जिवाला जग कसं जाणवतं याचा विचार आहे.

ग्रीसमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने लेस्बॉस बेटावरच्या खाडीत प्राणी बारकाईने पाहिले. रक्त असलेले आणि रक्त नसलेले, असे त्याने दोन मोठे गट केले. आजच्या पृष्ठवंशी-अपृष्ठवंशी भेदाच्या ते बरेच जवळ जातात. डॉल्फिनला फुप्फुसं असतात, तो पिल्लांना जन्म देतो, दूध पाजतो, हे हेरून त्याने देवमासे आणि डॉल्फिन माशांपासून वेगळे काढले.

तरीही 1735 साली स्वीडनच्या कार्ल लिनीअसने ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथात प्राण्यांचे चतुष्पाद, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी असे सहा वर्ग केले, तेव्हा देवमासा पुन्हा माशांत गेला. त्या ग्रंथाच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीत लिनीअसने ही चूक सुधारली. पायांची संख्या बाजूला ठेवून स्तनग्रंथींवर बोट ठेवलं आणि ‘सस्तन’ हा वर्ग जन्माला आला. लोकांना मात्र ते पटायला वेळ लागला. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये देवमाशाचं तेल माशाचं तेल धरायचं का, असा खटला चालला आणि ज्यूरीने देवमासा मासाच ठरवला.

लिनीअसच्या ‘कृमी’ वर्गात गोगलगाय, तारामासा, जेलीफिश असं जे कुठे बसेना ते सगळं कोंबलेलं होतं. हा पसारा आवरण्याचं काम पॅरिसमध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गअभ्यासकाकडे आलं. ‘अपृष्ठवंशी’ ही कल्पना त्याची. कोळ्यांना कीटकांतून वेगळं काढलं तेही त्यानेच. पुढे कुव्हिए या दुसऱ्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने शरीराच्या मूळ आराखड्यावरून प्राण्यांचे चार मोठे विभाग केले.

1859 मध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला आणि प्रश्नच बदलला. दोन प्राणी सारखे का, तर त्यांचा पूर्वज एक म्हणून. मग कोणतं साम्य नात्यातून आलं आणि कोणतं राहणीमुळे, हे शोधणं आलं. देवमाशाचा माशासारखा आकार पाण्यात राहिल्याने आला. त्याचं नातं पाणघोड्याशी आहे, असं डीएनएने दाखवलं. पाकिस्तानात सापडलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या आद्य देवमाशांच्या जीवाश्मांत घोट्याचं हाड गाय, हरीण, पाणघोडा या सम खुरांच्या प्राण्यांसारखं, दोन्ही टोकांना कप्पीचा आकार असलेलं निघालं. जम्मूतल्या कालाकोटजवळच्या खडकांतून भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांत इंडोहायस नावाचा मांजराएवढा, खुरांचा प्राणी होता. 2007 मध्ये त्याची कवटी नीट तपासली गेली, तेव्हा त्याच्या कानाच्या हाडाची एक भिंत जाड आढळली. अशी भिंत तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती.