गाडी उचलली, पण स्टिअरिंगचं काय?

ऑफ-रोड गाडी हातात आली की बहुतेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं: उंच स्प्रिंग टाकून गाडी उचलायची आणि मोठे टायर चढवायचे. दगडांवरून पोट घासायचं थांबतं, गाडी रुबाबदारही दिसते. पण डांबरी रस्त्याला लागलं की स्टिअरिंग हलकं आणि भरकटल्यासारखं वाटतं, खड्डा आला की गाडी आपणहून बाजूला जाते. मग दोष टायरच्या माथी मारला जातो. खरं तर सस्पेन्शन आणि स्टिअरिंग ही दोन वेगळी कामं नाहीतच. एकाची उंची बदलली की दुसऱ्याचे कोन बदलतात.

जिमनी किंवा रँग्लरसारख्या गाड्यांना पुढेही अखंड ॲक्सल असतो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच सलग कणा. तिथे दोन आडवे दांडे महत्त्वाचे. पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला), दुसरं ॲक्सलला. ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणं हे त्याचं काम. दुसरा दांडा ड्रॅग लिंक. स्टिअरिंग बॉक्सखालच्या छोट्या दांडीची, म्हणजे पिटमन आर्मची, हालचाल तो चाकापर्यंत नेतो.

समजा, ड्रॅग लिंक 900 मिलिमीटर लांब आहे आणि जमिनीला समांतर आहे. चाक 50 मिलिमीटर वर जावो की खाली, दांड्याचं टोक आडव्या दिशेत जेमतेम 1.4 मिलिमीटर सरकतं. आता गाडी 100 मिलिमीटर उचलली आणि दांडा तिरपा झाला. तेच चाक तेवढंच वर गेलं तर टोक एका बाजूला 4.2 मिलिमीटर जातं, खाली गेलं तर उलट बाजूला 7 मिलिमीटर. तुमचे हात स्थिर, पण चाक वळलेलं. याला बम्प स्टिअर म्हणतात.

पॅनहार्ड रॉड तेवढाच लांब आणि तेवढाच तिरपा असेल, तर ॲक्सलही त्याच दिशेला तेवढाच सरकतो आणि चाक वळत नाही. म्हणजे दांडे आडवे असण्यापेक्षा एकमेकांना समांतर असणं जास्त गरजेचं आहे. नुसता खाली वाकवलेला पिटमन आर्म बसवून ड्रॅग लिंक सरळ केली आणि पॅनहार्ड रॉड तिरपाच ठेवला, तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते. बदलायचं तर दोन्हीकडे सारखंच बदला.

दुसरा कोन कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, तसाच चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही थोडा मागे झुकवलेला असतो. त्यामुळे वळण संपलं की चाक स्वतःहून सरळ होतं. गाडी उचलली की ॲक्सलला धरणारे आर्म खाली झुकतात, त्यांच्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि हा झुकाव कमी होतो. स्टिअरिंग भरकटतं ते इथे. उपाय साधा आहे: ऑफसेट बुश (सांध्यात बसणारी, भोक मध्यापासून सरकवलेली नळी) किंवा लांबी बदलता येणारे आर्म.

मोठ्या टायरचा आग्रह मात्र मला समजतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा, जमिनीपासून वर जातं ते फक्त टायरच्या त्रिज्येमुळे. स्प्रिंग कितीही उंच घाला, ते जागचं हलत नाही. पण उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी उलटायची शक्यता वाढते. म्हणून गरजेपुरतंच उचलावं.

स्प्रिंग कडक घातली म्हणजे गाडी मजबूत झाली, हाही गैरसमजच. चाकाची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते. खडबडीत जागी मऊ, लांब पल्ल्याची स्प्रिंग चाक खाली ढकलून जमिनीला टेकवून ठेवते. कडक स्प्रिंगवर ते हवेत लोंबकळतं. कडकपणा दुप्पट केला की गाडीच्या उसळण्याची वारंवारता सुमारे 1.4 पट होते, आणि जुने शॉक ॲब्सॉर्बर त्या नव्या उसळीला पुरे पडत नाहीत. शॉक ॲब्सॉर्बर गतीचं रूपांतर उष्णतेत करतो. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललं की आतलं तेल तापतं, त्याला फेस येतो आणि उसळी शमवण्याची ताकद ढासळते. दाबाखाली नायट्रोजन भरलेले, जास्त तेल मावणारे शॉक म्हणूनच घ्यायचे.

राहिला पुढच्या चाकांचा तो भयानक थरकाप, ज्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. वेगात खड्डा लागतो आणि सगळं स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. अशा वेळी जाड स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक, विकला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे, कारण तो लक्षण दाबतो आणि मुळाशी असलेला झिजलेला सांधा तसाच राहतो.

तो सांधा शोधायला गाडी चाकांवरच उभी असू द्या, इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने बाजूला बसून पॅनहार्ड रॉडच्या दोन्ही टोकांकडे टॉर्च मारून बघावं. रबरी बुश किंचित दबणं ठीक. पण बोल्टच ब्रॅकेटच्या भोकात सरकताना दिसला, तर भोक लांबट झालं आहे. तिथे नवी बुश घालून उपयोग नाही, ब्रॅकेट दुरुस्त करावा लागतो. आणि नवी रबरी बुश बसवलीत तर तिचा बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच कसा. चाकं लोंबकळत असताना कसला, तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.