ग्राइंडरमुळे होणाऱ्या इजा

धातू घासण्यासाठी, कापण्यासाठी किंवा धार लावण्यासाठी कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या यंत्रचलित अपघर्षक चाकांमुळे कामगारांना होणाऱ्या इजा. चाक फुटणे, यंत्र उसळून झटका बसणे व डोळ्यात कण जाणे या इजा क्षणात होतात. धूळ, कंपन व आवाज यांचे परिणाम वर्षानुवर्षे साचत जातात.

चाक का फुटते याविषयी एक मत चाकातील मूळ दोषावर भर देते, तर दुसरे ते चुकीचे बसवण्यावर व अतिगतीवर. हाताच्या ग्राइंडरपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १२५ मिमी आणि १८० मिमी या दोन्ही मापांच्या डिस्कचे (पातळ अपघर्षक चाकाचे) मधले भोक सामान्यतः २२.२३ मिमीचेच असते; त्यामुळे गार्ड (चाकावरचे संरक्षक आवरण) काढला की लहान ग्राइंडरवर मोठी डिस्क सहज बसते. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या यंत्रावर १२५ मिमी डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७२ मीटर असतो, तोच १८० मिमी डिस्कसाठी सुमारे १०४ मीटर होतो. अशा डिस्कची नेहमीची मर्यादा ८० मीटर असते आणि केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो मर्यादेच्या सुमारे १.७ पट होतो. शिवाय तुकडे अडवणारा गार्ड तेव्हा जागेवर नसतो.

भाजलेल्या मातीच्या बंधकाचे (कण जोडून धरणाऱ्या पदार्थाचे) चाक बसवण्यापूर्वी लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहतात. निकोप चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. रेझीन बंधकाच्या डिस्कला ही कसोटी लागू पडत नाही, हे अनेकदा विसरले जाते. स्थिर ग्राइंडरवर वस्तू टेकवायचा टेकू व चाक यांतील फट ३ मिमीपेक्षा जास्त राहू देत नाहीत, कारण मोठ्या फटीत घासायची वस्तू ओढली जाऊन अडकते व चाक फुटू शकते.

कापताना खाच मिटून डिस्क चिमटली गेली, की ग्राइंडर कामगाराच्या अंगावर उसळतो. याला किकबॅक म्हणतात.

बुबुळावरील पारदर्शक पटलात रुतलेल्या लोखंडी कणाभोवती काही तासांतच गंजाचे वलय धरू लागते. सोबत्याने रुमालाच्या टोकाने कण काढण्याची सवय म्हणूनच घातक आहे. तो नेत्रतज्ज्ञानेच काढावा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथील धार लावणाऱ्यांना वाळूच्या दगडाच्या चाकांतील सिलिकाच्या धुळीमुळे फुप्फुसांचा रोग जडत असे. कृत्रिम अपघर्षके आल्यावर चाकातील सिलिकाचा धोका घटला, तरी घासल्या जाणाऱ्या धातूची धूळ उरतेच.

दीर्घकाळच्या कंपनाने बोटे पांढरी पडून बधिर होतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी हातावरील कंपनाच्या त्वरणाची २.५ मी./से.² ही उपाययोजनेची आणि ५ मी./से.² ही कमाल पातळी ठरवली आहे.