मुळ्याचं पान चितकबरं झालं, म्हणजे बुरशीच असं नाही

हिवाळ्यात विहिरीजवळच्या वाफ्यात मुळा, मोहरी, शलगमाची पानं हिरवी-पिवळी चितकबरी होऊन चुरमडली, की विदर्भातल्या गावात ठरलेला सल्ला मिळतो, "बुरशी हाय, औषध मार." वर्षानुवर्षं हेच चाललंय. पण असं पान बरेचदा टर्निप मोझॅक विषाणूचं काम असतं. नाव शलगमाचं, झळ मात्र कोबी-मोहरीच्या सगळ्या कुळाला. बुरशीनाशकाचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. औषधाचे पैसे आणि फवारणीची मजुरी तेवढी जाते.

हा विषाणू पसरवतो मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. रोगट पानात सोंड खुपसली की काही सेकंदांत विषाणू तिला चिकटतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट उतरतो. म्हणून कीटकनाशकानंही रोग नीट आटोक्यात येत नाही. मावा मरायच्या आधीच त्याचं काम उरकलेलं असतं. (हे पटायला मलाही वेळ लागला.) लागण झालेलं झाड बरं होत नाही, युरिया टाकूनही नाही. ते दिसताच उपटावं, धुऱ्यावरचं मोहरीच्या कुळातलं तण काढावं, रोगट वाफ्याला लागून नवी लावण करू नये.

आणि अशी भाजी खाल्ली तर? माणसाला हा विषाणू लागत नाही.