काटा पंधरावर, पण आत किती?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मित्राचं दहा खाटांचं हॉस्पिटल आहे. 'नियम पाळायचे म्हटलं की खर्च, आणि खर्च म्हटलं की पेशंटचं बिल,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. मागच्या उन्हाळ्यात चहाला गेलो, तेव्हा ओटीशेजारच्या खोलीत सिस्टर ड्रम, म्हणजे ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करायचा डबा, भरत होत्या. गाऊन, टॉवेल, चिमटे कोंबले, झाकण दाबलं, टेप चिकटवला, ऑटोक्लेव्ह लावला. बाजूला रजिस्टर: 15 पौंड, 15 मिनिटं, सही. सह्या पुढच्या दोन दिवसांच्याही झालेल्या.

"तपासणीला आले की आधी हेच बघतेत, सर," सिस्टर म्हणाल्या.

नियमाचा खर्च आणि नियमाचा फायदा या दोन गोष्टी कुठे फारकत घेतात, ते या रजिस्टरात दिसतं. त्यासाठी आधी जंतू मरतात कसे ते पाहू.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. 15 पौंड दाबाखाली वाफ 121 अंशांना पोचते. जंतू मात्र सगळे एकदम मरत नाहीत, ठरावीक वेळेला ठरावीक वाटा मरतो. चाचणीसाठी वापरतात तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस फार चिवट. त्याच्या बीजाणूंपैकी (बीजाणू म्हणजे जंतूचं कवचातलं, झोपलेलं रूप) 90 टक्के मरायला 121 अंशांना साधारण दीड मिनिट लागतं, असं धरू. एका कुपीत दहा लाखांपासून सुरुवात केली तर दीड मिनिटाने एक लाख उरतात, तीन मिनिटांनी दहा हजार, नवव्या मिनिटाला एक. पुढच्या दीड मिनिटात? एक दशांश बीजाणू. म्हणजे दहा कुप्यांपैकी एखादीत एक जिवंत. पंधराव्या मिनिटाला हे प्रमाण दहा हजार कुप्यांत एक इतकं खाली येतं. शून्य कधीच येत नाही.

आता हे पैशात मांडा. पहिल्या दीड मिनिटाची वीज आणि शेवटच्या दीड मिनिटाची वीज सारख्याच भावाची. पण पहिल्यात नऊ लाख मेले, शेवटच्यात एका बीजाणूचा हजारावा भाग. तरी थांबायचं कुठे, हे उरलेला धोका गुणिले संसर्गाचा खर्च यावर ठरतं. पोटात घालायच्या चिमट्याला जे परवडतं, ते बेडपॅनला लावणं उधळपट्टी.

खरी गंमत पुढे आहे. ड्रम ठासून भरला तर आतली हवा बाहेर पडत नाही. काटा दाब दाखवतो. तो दाब वाफेचा की हवेचा, हे त्याला कळत नाही. निम्मी हवा आत राहिली तर काटा 15 वरच असतो, पण तापमान 112 अंशांच्या आसपास. नऊ अंशच कमी, पण या जंतूचा हिशेब असा की दहा अंश उतरले की मरायला दहापट वेळ लागतो. नऊ अंशांना सुमारे आठपट. दीड मिनिटाची बारा मिनिटं होतात. मग पंधरा मिनिटांनी दहा लाखांतले पन्नास हजारांवर बीजाणू जिवंत, आणि रजिस्टर निर्दोष! टेपवरच्या पट्ट्या काळ्या झाल्या तरी भरवसा नाही, कारण टेप ड्रमच्या बाहेर असतो आणि उष्णता लागली एवढंच सांगतो. (ओटीच्या दारावर लिंबू-मिरची होतीच. तिच्यावर वीज तरी जळत नाही. कोरोनात अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्यांवर वीज जाळली, आणि सावलीतले जंतू तसेच राहिले.)

हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. रुग्णाला ड्रमचे दात बघता येतात का? महाराष्ट्रात 2021 पासून दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम आहे, पण त्यातून भाव कळतो, माल नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेर्लॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींवरून दाखवलं की गिऱ्हाइकाला गुणवत्ता दिसत नसेल, तर तिच्यावर खर्च करणाराच बाजारात तोट्यात जातो. दवाखान्यात आणखी एक पेच आहे: टाके पिकले की रुग्ण पाच दिवस जास्त राहतो आणि ते पाच दिवस बिलात जमा होतात. सोयाबीनची पेरणी हुकली, तो खर्च त्याच्या घरचा. म्हणून नियम लागतोच.

मित्राची तक्रारही खोटी नाही. समजा प्रशिक्षण, चाचण्या, नोंदी यांचा खर्च वर्षाला 60 हजार. दहा खाटांपैकी सहा भरलेल्या असतील तर एका खाटेवर दिवसाला 27 रुपये पडतात. तेवढ्याच खर्चात शंभर खाटांच्या हॉस्पिटलात साठ भरलेल्या असतील, तर पावणेतीन. असा बोजा वाढत जाऊन छोटं हॉस्पिटल बंद पडलं, तर अडलेली बाळंतीण जिल्ह्याच्या गावी न्यायची. मग वाटेतल्या वेळेचीही किंमत मोजावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ही अडचण ओळखलेली दिसते: 75 किलोमीटरच्या आत सामाईक केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःची यंत्रणा उभारायचीच नाही. खर्च वाटला जातो. खाटा विरळ असतील तिथे मार्गदर्शक सूचना 150 किलोमीटरपर्यंत मुभा देतात, अट एकच, 48 तासांत विल्हेवाट.

मित्राला मी बीजाणूंच्या दोन कुप्या आणून दिल्या. एक ड्रमच्या वरच्या थरात, एक मधोमध गाऊनच्या घडीत. नंतर दोन्ही ऊबयंत्रात, 56 अंशांना. दुसऱ्या दिवशी वरची जांभळीच होती. मधली पिवळी, म्हणजे आतले जिवंत. मित्र बराच वेळ ती खिडकीपाशी धरून बसला.

दुरुस्ती काय? ड्रम निम्मा भरायचा. नंतरच्या कुप्या जांभळ्या राहिल्या. पण ऑटोक्लेव्ह आता दिवसातून दोनदा लावावा लागतो, आणि विजेचं बिल वाढलं म्हणून परवा त्याचा फोन आला होता.