लाल दोऱ्याचे दोन नमुने: शाळेतला कोणता, ब्रिस्टलच्या अनाथ मुलींचा कोणता?

पांढरट कापडावर लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात भरलेली इंग्रजी मुळाक्षरं. खाली आकडे, एखादं नाव, साल. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधला असा तुकडा विक्रीला आला की त्यावर ‘ब्रिस्टल अनाथाश्रमाचा सॅम्पलर’ अशी चिठ्ठी लावायचा मोह अनेकांना होतो. कारण उघड आहे. ब्रिस्टलचे अस्सल नमुने लिलावात हजारो पौंडांना जातात. पण लाल रंग आणि मुळाक्षरं एवढ्यावरून तो ब्रिस्टलचा ठरत नाही.

सॅम्पलर म्हणजे टाके शिकण्याचं, नमुने जपून ठेवण्याचं कापड. शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीवर फुल्या मोजत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. इंग्लंडमध्ये ही अक्षरं शिकवण्यामागे एक रोकडं कारण होतं. मोठ्या घरात चादरी, अभ्रे, टेबलावरचे रुमाल डझनांनी असत. धुलाईत ते हरवू नयेत, आलटून पालटून वापरले जावेत, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरं आणि क्रमांक भरत. आपल्याकडे परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत, तेच काम तिथे सुई करायची. लाल दोरा का, तर ‘टर्की रेड’ हा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून केलेला रंग उकळत्या पाण्यातही टिकायचा. पुढे 1860 च्या दशकाच्या अखेरीस त्यातलं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं. लाल दोरा असा सगळीकडचाच होता, ब्रिस्टलचा एकट्याचा नव्हे.

साध्या शाळेतला नमुना ओळखणं सोपं. कापड लहान, एक-दोन वळणांची मुळाक्षरं, एक ते दहा आकडे, बारीकशी किनार आणि मुलीचं नाव. 1862 पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलींना साधं शिवणकाम सक्तीचं झालं, त्यामुळे असे तुकडे उदंड झाले. त्यांतही गोडवा आहे. शेवटचं अक्षर ओळीत मावत नाही म्हणून ते खाली घेतलेलं दिसलं की ती मुलगी डोळ्यांसमोर येते.

ब्रिस्टलचं काम मात्र निराळ्याच जातीचं. जॉर्ज म्यूलर हे प्रशियात जन्मलेले धर्मोपदेशक. त्यांनी 1836 मध्ये विल्सन स्ट्रीटवर पहिलं घर उघडलं, तेच मुलींसाठी. 1849 मध्ये ॲश्ले डाउनच्या टेकाडावर मोठी इमारत उभी राहिली. 1870 पर्यंत तिथे पाच इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. म्यूलर कुणापुढे पैशांसाठी हात पसरत नसत, प्रार्थनेवर विसंबत. पंडिता रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमागे जो विश्वास होता, त्याला या वाचनाचं बळ मिळालं होतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आई-वडील दोघंही गेलेली मुलं इथे घेत. मुली साधारण सतराव्या वर्षापर्यंत राहत आणि मग बहुतेक जणी घरकामाच्या नोकरीवर जात. त्यांच्याजवळ ना माहेर, ना कुणाची ओळख. हातातली सफाई दाखवायला हेच कापड. म्हणून त्यावर रिकामी जागा शोधूनही सापडत नाही. एकाखाली एक मुळाक्षरांचे कितीतरी संच, प्रत्येकाचं वळण वेगळं: काही ठसठशीत, काही नक्षीदार, काही इतके बारीक की भिंग लागावं. त्याखाली किनारींचे पट्टे आणि मधल्या जागेत पक्षी, मुकुट, बायबल, किल्ली अशी चिमुकली चित्रं. धार्मिक संस्था असूनही लांबलचक उपदेशपर पद्य सहसा दिसत नाही. मला हे फार बोलकं वाटतं. हे भिंतीवर टांगायला नव्हे, कामाला लागायला केलेलं कापड आहे.

पूर्ण नावाऐवजी पुष्कळदा आद्याक्षरंच असतात, तीही अनेकांची. सोबत ‘न्यू ऑर्फन हाउस, ॲश्ले डाउन’, कधी इमारतीचा क्रमांक किंवा ‘नॉर्थ विंग’. हा मजकूर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर नुसत्या गर्दीवरून निकाल देऊ नये. इतर शाळांतल्या हुशार मुलींनीही दाट काम केलंय. उलट, ब्रिस्टलचे काही नमुने काळ्या किंवा निळ्या दोऱ्यातलेही आहेत, म्हणून लाल नाही एवढ्यावरून तो बादही करू नये.

मजकूर नसलेला तुकडा हाती आला तर मी आधी काटकोनात वळलेल्या किनारी शोधते. शाळेच्या नमुन्यात किनार एकच असते आणि ती कापडाच्या कडेने फिरते. ब्रिस्टलच्या नमुन्यात मात्र किनारींचे सुटे कोपरे एकात एक बसवलेले असतात, प्रत्येक निराळ्या नक्षीचा. सरळ ओळीत नक्षी मोजणं अवघड नाही. ती कोपऱ्यावर न तुटता वळवायची, तर टाक्यांचा हिशेब आधी जुळवावा लागतो. एकेका मुलीने असे पाच-सहा हिशेब एकाच कापडावर सोडवून ठेवलेले असतात.