गांजाच्या केसमधली जुनी शिक्षा कमी करायचा अर्ज : आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

२०२४ च्या जुलैपासून आमच्या टायपिंग सेंटरवर एकच प्रश्न येऊन रायला. भाऊ, नवा कायदा आला म्हणते, गांजाच्या जुन्या शिक्षा कमी होतात म्हणते, पोराचा अर्ज टाईप करून द्या. दर वेळी सगळं तोंडी सांगण्यात अर्धा तास जाते, मागं सातबारावाले न् उत्पन्नाच्या दाखल्यावाले ताटकळतात, म्हणून हा कागद छापला.

१ जुलै २०२४ ला नवे तीन फौजदारी कायदे लागले हे खरं, पण गांजाची केस एनडीपीएस या अमली पदार्थांच्या १९८५ च्या वेगळ्या कायद्यात चालते आणि त्यातल्या शिक्षेला नव्या कायद्यांनी हात लावला नाही. मोबाईलवर दुसरा मेसेज फिरते तो अमेरिकेचा. तिथं २०१० मध्ये क्रॅक कोकेनच्या शिक्षा कमी केल्या आणि २०१८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की आधी शिक्षा झालेल्यांनाही कोर्टात अर्ज करता येईल. आपल्याकडं २००१ मध्ये मालाच्या वजनाप्रमाणं शिक्षा आली, पण तेव्हा अपिलात असलेल्या केसेस त्यातून बाहेर ठेवल्या आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. जेलची माफी म्हणजे शिक्षेतली सूट, तीसुद्धा या कायद्यात कलम २७ (स्वतः नशा केल्याचं कलम) सोडलं तर मिळत नाही.

मग काहीच होत नाही का? होते. अपील चालू असेल तर शिक्षा स्थगित करा म्हणून अर्ज करता येते, कोर्टाचा हा अधिकार सुप्रीम कोर्टानं २००० साली महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये मान्य केला. दंड भरला नाही म्हणून वाढलेली कैदही अपिलात कमी होऊ शकते, २००७ च्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं अशी तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली.

आता मुख्य गोष्ट. एफआयआरची झेरॉक्स घेऊन येऊ नका, निकालाची नक्कल आणा. मागच्या हंगामात एक माय कापूस वेचणीची मजुरी पाडून, दोन एसट्या बदलून आली. पन्नीत आठ घड्या घातलेला एफआयआर, पोराचं आधार, आणि शाळेचा दाखलासुद्धा. निकाल नाही. एफआयआरमध्ये पोत्यासकट २१ किलो होतं म्हणून आम्ही २० किलोच्या वरची, म्हणजे १० ते २० वर्षांची केस धरून अर्ज टाईप केला. आठ दिवसांनी नक्कल आली तर कोर्टानं १९ किलोच धरले होते. एक किलोच्या वर आणि २० च्या आत म्हटलं की जास्तीत जास्त १० वर्षं, आणि जामिनाची कडक अटही लागत नाही. सगळा अर्ज पुन्हा लिहावा लागला, तिची आणखी एक मजुरी बुडाली. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून निकाल पाहिल्याशिवाय आम्ही टायपिंगला हात लावत नाही, लोक रागावतात, दोन पानांचंच तर काम हाय म्हणतात, तरी लावत नाही. शिक्षा झाली की आरोपीला निकालाची प्रत फुकट मिळते, त्याच्याजवळ जेलमध्ये असेल तर मुलाखतीला जाल तेव्हा विचारा, हरवली असेल तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथं नकलेचा अर्ज द्या. शेवटचं पान नक्की पाहा, कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी जेलमध्ये काढलेले दिवस शिक्षेतून वजा करायचं तिथं लिहिलेलं असते. पण ते दिवस दंडापोटीच्या कैदेतून वजा होत नाहीत, इथं खूप घरचे तारखा चुकवतात. हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस, उलटून गेली असेल तर उशिराचं कारण लागते, तेही खरंखुरं आणा.

आम्ही वकील नाही, कोर्टात उभे राहात नाही, आणि सुटका करून देतो म्हणून कोणाकडून पैसे घेत नाही. वकील परवडत नसेल तर जेलमधल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळते, तो अर्ज आम्ही विनामूल्य लिहून देतो. तारखांचा हिशोब एका कागदावर काढून देतो त्याचेही पैसे नाहीत, त्या कागदानं वकिलाचा वेळ वाचते असं त्यांनीच सांगितलं. पैसे टायपिंगचे न् झेरॉक्सचे, दर दारावर लावले आहेत.

दुरून येणाऱ्यांनी आधी निकालाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, काय कमी आहे ते संध्याकाळपर्यंत सांगतो, मगच एसटीत बसा. सोमवारी बाजारामुळं गर्दी राहते, मंगळवारी या.